एल्कला पुरेल अशी बंदूक

१५ मार्च २०२५, शनिवार

मलाच का?

सकाळी मोंटानाहून लॉईड हॉगनचा फोन. आसावरीचं ज्याच्याशी ठरलंय त्या वेसचा बाप, म्हणजे आमचा होणारा व्याही. आजवर दोनदा बोललो असू. दोन्ही वेळा त्याने इकडे बर्फ किती पडलंय ते विचारलं आणि फोन ठेवला. आज एकदम — ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला ये! तो, वेस आणि मी. तिघंच. परवाना लॉटरीने मिळतो, अर्ज याच महिन्यात भरायचा, लिंक पाठवतो म्हणाला. पाठवलीसुद्धा.

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. अंगाने घोड्याएवढा. मी आयुष्यात पाल मारलेली नाही.

शोभना म्हणते, "प्रेमाने बोलावलं असेल हो. आणि व्याह्यांना अरे-तुरे काय करता?" इथे वहीत मी काय वाटेल ते म्हणेन. आणि प्रेमाने म्हणजे काय? मुलाचा बाप मुलीच्या बापाला उगाच बोलावत नाही. आपल्याकडे बोलावतात ते याद्या करायला, नाहीतर समोरच्याचं पाणी जोखायला. हा जंगलात बोलावतोय, हातात बंदूक घेऊन. पाणी कुठेतरी मुरतंय.

पस्तीस वर्षं मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत फेल्युअर अ‍ॅनालिसिस केलं. म्हणजे वस्तू बिघडली की ती का बिघडली ते शोधायचं, आणि बनवणारा जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माणूस रिटायर होतो, स्वभाव होत नाही.

१६ मार्च, रविवार

आसावरीचा बेलव्ह्यूहून फोन. तिला सगळं माहीत होतं.

"बाबा, ते कुणालाच नेत नाहीत कॅम्पवर. वेसच्या बहिणीच्या नवऱ्याला अजून नेलेलं नाही."

"मग मलाच का?"

"सी? हेच! तुम्ही नेहमी हेच विचारता."

विचारायला काय हरकत आहे, म्हटलं. ती म्हणाली, "नाही जायचं तर नका जाऊ. मी सांगेन त्यांना काहीतरी. पण बाबा, आय अ‍ॅम टायर्ड ऑफ एक्सप्लेनिंग यू टू पीपल."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मला लोकांना समजावून सांगावं लागतं! एकुलती एक मुलगी. लग्न पुढच्या मे महिन्यात. आत्ताच तिचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही आईला. लग्नानंतर तेवढाही थांबला तर मला सहन होणार नाही. हे तिला सांगायला हवं होतं, पण मी म्हणालो, "बघतो."

अर्ज भरला.

१७ एप्रिल, गुरुवार

परवाना लागला. ज्याला नको असतो त्यालाच लागतो.

१० मे, शनिवार

बंदुकीच्या दुकानात गेलो. ईडन प्रेरीत इतकी वर्षं राहतोय, त्या दुकानावरून हजारदा गाडी नेली असेल, आत आज पहिल्यांदा.

काउंटरवर दाढीवाला तरुण. कशासाठी हवी? एल्कसाठी. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि आत जाऊन एक बंदूक आणली. "हिचा दस्ता आखूड आहे सर, तुमच्या हाताला बसेल. काडतूसही लहान, खांद्याला धक्का कमी." हातात घेतली. बरी वाटली, खोटं कशाला बोला. मग लेबल वाचलं — 'यूथ मॉडेल'. म्हणजे पोराटोरांची!

बासष्ट वर्षांचा मी. उंची पाच फूट चार इंच आहे, मान्य. म्हणून यूथ?

या देशात एवढी वर्षं हेच पाहत आलो. मला कमी देतात, आणि वर गोड बोलून देतात. मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळ, कारण काय, तर "यू आर सो क्विक, प्रॅल!" प्रल्हाद टिपणीस या नावाचंसुद्धा अर्धंच घेतात. आता बंदूकही अर्धी.

काही न घेता परत आलो.

१८ मे, रविवार

आठवडाभर इंटरनेटवर काडतुसांचा अभ्यास. जितकं वाचावं तितकं कमी कळतं. साडेसहा मिलिमीटरचं एक काडतूस सध्या फार लोकप्रिय आहे. एक जण लिहितो, त्याने एल्कला फक्त गुदगुल्या होतात. खाली दुसरा लिहितो, माझ्या बायकोने त्यानेच एल्क पाडला, तुम्हाला नेम धरता येत नसेल तर काडतुसाला दोष देऊ नका. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं, सगळ्यांचे आजोबा तेच वापरायचे. त्याच्या वर मॅग्नम, सगळ्यात दांडगं काडतूस. मॅग्नमवाले बाकी सगळ्यांना बायकी समजतात. प्रत्येक जण काहीतरी विकतोय किंवा आपण जे विकत घेतलं ते बरोबर होतं हे स्वतःला पटवतोय.

संध्याकाळी कुमार आला. मूळचा नागपूरचा, मराठी मंडळाचा खजिनदार, दर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो म्हणे. काडतुसांची तुलना करणारा तक्ता मी केला होता, तो त्याने बघितलाच नाही. "अरे भाऊ, मॅग्नम घे यार! एल्क म्हणजे काही ससा आहे का? लहान काडतूस घेऊन गेलास तर ते गोरे हसतील ना बे तुझ्यावर!"

कुमारने आजवर एकच हरीण मारलंय, आणि तेही गाडीने. पण हसतील म्हणाला, ते लागलं.

५ जुलै, शनिवार

लुइसटाउन, मोंटाना. फोर्थ ऑफ जुलैला हॉगनांकडे आलोय. उद्या परत.

लॉईड प्रत्यक्षात अजूनच कमी बोलतो. पूर्वी गुरांचा डॉक्टर होता. सव्वासहा फुटांचा माणूस, दारातून वाकून आत येतो. जनावर तपासावं तसा माणसाकडे बघतो. वेस त्याच्यापेक्षा बोटभर कमी, पण हसरा. शोभनाची आणि लॉईडची तासाभरात गट्टी जमली. तिने त्याला गाय विण्याबद्दल प्रश्न विचारले आणि त्यानेही सविस्तर उत्तरं दिली! माझ्याशी मात्र "यप" आणि "नोप".

दुपारी त्याने कपाटातून एक जुनी बंदूक काढली. थर्टी-ऑट-सिक्स. त्याच्या वडिलांची, ऑरव्हिल हॉगनची. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हात फिरून फिरून काळा झालेला. दस्त्याच्या मागच्या टोकाशी चाकूने कोरलेलं — ओ. एच. म्हाताऱ्याने स्वतः कोरलेलं. "दिस वन्स मिळणार मला," वेस हसत म्हणाला. म्हणजे ही पुढे त्याचीच; आसावरीने शिकवलेलं 'मिळणार' तो सध्या सगळीकडे वापरतो.

लॉईड म्हणाला, ऑक्टोबरात ही वापर. एल्कला पुरते. मॅग्नमची गरज नाही.

खांद्याला लावून पाहिली. दस्ता लांब, मागचं टोक काखेत अडकलं, मान पुढे ताणली तरी बंदुकीवरच्या दुर्बिणीत काळं कडं दिसत होतं. लॉईड माझ्या कोपराकडे बघत होता. फक्त म्हणाला, "हं."

त्या 'हं'चा अर्थ काय?

आणि घेणार कशी? मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणायचे आपल्याकडे. आपण काही तितकं पाळत नाही — काल त्यांच्याकडे बर्गर खाल्ले. पण वस्तू? तीही वाडवडिलांची? उद्या काही खुट्ट झालं तर आयुष्यभर ऐकायला लागायचं. शिवाय नळी सत्तर-ऐंशी वर्षांची. म्हणून मी सरळ विचारलं, याची शेवटची तपासणी कधी झाली? काही कागद आहे का?

सगळ्यांची तोंडं उतरली. लॉईड म्हणाला, "मागच्या नोव्हेंबरात हिने एल्क पाडला. तोच कागद." बंदूक पुसली आणि कपाटात ठेवून दिली.

काय चुकीचं विचारलं मी? कुठल्याही यंत्राबद्दल विचारेन.

६ जुलै, रविवार

विमानतळापर्यंत आसावरीने गाडी चालवली. उतरताना शोभनाला मिठी, मला "टेक केअर."

विमानात शोभना म्हणाली, "व्याह्यांच्या वडिलांच्या वस्तूचं सर्टिफिकेट मागितलंत! बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असंच झालं की हे."

१९ जुलै, शनिवार

घेतली! थ्री-हंड्रेड मॅग्नम. पूर्ण मापाची, काळी, नवी कोरी, कंपनीची वॉरंटी, तपासणीचा शिक्का. दुसऱ्या दुकानातून घेतली, त्या दाढीवाल्याकडून नाही. विकणाऱ्याने विचारलं, आधी कधी मॅग्नम चालवलीय? मी म्हटलं, भरपूर. त्याचा विश्वास बसला नाही आणि त्याने विकली. विकणारे असेच.

आता कुणाचे उपकार नकोत. आपली बंदूक, आपलं काडतूस. शोभनाने बंदुकीची केस उघडून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड."

२ ऑगस्ट, शनिवार

कुमारबरोबर रेंजवर गेलो. पहिली गोळी झाडली आणि पुढचं काही क्षण कळलंच नाही. खांद्यावर कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं आणि डोळ्यात काहीतरी ओलं. दुर्बिणीची कड भुवईवर आपटली होती. रक्त! दस्ता लांब पडतो म्हणून मी मान पुढे नेतो, आणि मान पुढे नेली की दुर्बीण कपाळाशी.

रेंजवरचा माणूस पट्टी घेऊन धावत आला. त्याला हसू आवरत नव्हतं. कुमार म्हणाला, "होते असं, होते. मलाही पहिल्यांदा झालं होतं बे." मग आधी का नाही सांगितलंस?

भुवईवर अर्धा चंद्र उमटलाय. शोभनाची चंद्रकोर असते तशीच.

३ ऑगस्ट, रविवार

शोभनाने फोटो काढला. कशाला, विचारलं तर म्हणाली "असंच."

१७ ऑगस्ट, रविवार

आज जे घडलं ते लिहून ठेवायलाच हवं.

जेवणानंतर सोफ्यावर वामकुक्षी. डोळा लागत होता तेवढ्यात हाताला काहीतरी गार लागलं. डोळे किलकिले करून बघतो तर शोभना! तिची ब्लाउजची मापाची टेप घेऊन माझा हात मोजतेय! उजवा हात कोपरातून हळूच वाकवला, कोपराच्या खाचेपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत टेप लावली, ओठ हलवत आकडा पाठ केला आणि चोरपावलांनी किचनमध्ये गेली.

मी झोपेचं सोंग घेऊन पडलो. बोललो असतो तर तिने काहीतरी थाप मारली असती. पुरावा गोळा होऊ द्यावा.

चहाच्या वेळी सहज म्हटलं, लग्नात मला शेरवानी शिवायची आहे का? ती घाईघाईने म्हणाली, "हो हो, शेरवानीच!" शेरवानीचं माप मनगटापर्यंत घेतात. बोटाचं पेर कशाला लागतं?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. सकाळी एकवीस मोदक, त्यातले तीन फुटले. उकड यंदा सैल झाली.

दुपारी गराजमधून आत येत होतो. किचनमध्ये शोभना फोनवर, इंग्रजीत. माझी चाहूल तिला लागली नव्हती. "नो नो, लॉईड, ही डझन्ट सस्पेक्ट अ थिंग."

मी? मी सस्पेक्ट करत नाही?

मला बघताच फोन बंद. "कोण होतं?" "राधिका. मोदक कसे झाले विचारत होती." मंडळातली राधिका आता इंग्रजीत मोदक विचारायला लागली!

सदतीस वर्षांचा संसार, आणि ही बाई व्याह्यांशी संधान बांधून बसलीय. आता सगळं जुळतंय. कोपराकडे बघून 'हं'. भुवईचा फोटो. हाताचं माप. त्या कॅम्पवर मला सगळ्यांसमोर पोरांची बंदूक देणार, रिबन लावून! मग हसणार. माझ्या भुवईच्या फोटोवर आत्ताच हसून झालं असेल. आसावरीही त्यात असेल. तिला आता मला समजावून सांगायची गरज नाही, थट्टाच केली की झालं.

देऊ देत. तिथल्या तिथे परत करीन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लॉईडचा मेसेज. "जुनी बंदूक गनस्मिथकडे दिलीय. जुलैत तू बरोबर बोललास."

बघा! म्हणजे दोष होताच. नाहीतर गनस्मिथकडे कशाला गेली असती? मी कागद मागितला तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली होती. शोभनाला मेसेज दाखवला. म्हटलं, आता बोल. ती भाजी निवडत राहिली. हसत होती का? खात्री नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

रेंज. एक गोळी कागदावर, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटतात. हे कुणाला सांगितलेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आम्ही सीकेपी, लेखणी आणि तलवार दोन्ही चालवणारे म्हणे. आमच्या घरात तीन पिढ्या नुसती लेखणीच चाललीय. यंदा पहिल्यांदा पूजेला शस्त्र! पाटावर मॅग्नम, शेजारी माझं जुनं कॅलिपर आणि शोभनाची सुरी.

शोभनाने कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि बंदुकीलाच म्हणाली, "लावते बाई तुला. पण तू काही आमच्याकडे टिकायची नाहीस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. खिमा गरम आहे, बसा."

रात्रीपर्यंत विचार केला. टिकायची नाही म्हणजे काय? ती काय विकणार आहे?

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. शोभनाने ओवाळलं. मी ताटात घालायचं पाकीट विसरलो होतो. ती म्हणाली, "परत आल्यावर द्या. माझी ओवाळणी तिकडेच आहे."

तिकडे म्हणजे? ती ताट घेऊन आत गेली.

गाडीने निघतोय. लॉईड विमानाने ये म्हणाला होता, बिलिंग्जला घ्यायला येतो म्हणाला होता. नको. परत यायची सोय आपल्या हातात असलेली बरी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

माइल्स सिटीचं मोटेल. दिवसभर सरळ रस्ता आणि वारा. आसावरीला मेसेज केला, पोचलो. तिने अंगठा पाठवला. पूर्वी ती मोठमोठी वाक्यं लिहायची, स्पेलिंग चुकलेली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅम्पवर. लाकडी खोली, एक शेगडी, तीन बिछाने. बाहेर डोंगर, पाइनची झाडं आणि बर्फाची पातळ साय. हंगाम उद्या उघडतोय. पण मी उद्या इथे नसेन.

काय झालं ते नीट लिहितो. दुपारी लॉईड म्हणाला, उद्याच्या आधी दोन-चार गोळ्या झाडून बघू. लाकडाच्या ओंडक्यावर कागद लावला. म्हणाला, मी भरून देतो, तू फक्त झाड. पहिली गोळी — धडाम. कागदाच्या बाहेर. दुसऱ्यांदा त्याने बंदूक भरून दिली. मी नेम धरला, चाप ओढला — नुसतं टिक्. आत काडतूसच नव्हतं! पण माझा खांदा मागे गेला, डोळे मिटले, नळी हातभर खाली आपटली. आवाज नाही, धक्का नाही, आणि मी शेळीसारखा दचकलेला. वेस शेजारी उभा. त्याने मान फिरवली.

हसला असता तरी चाललं असतं. त्याने मान फिरवली.

मी म्हणालो, ही फसवणूक आहे. लॉईड म्हणाला, "सगळ्यांनाच असं शिकवतात. मलाही असंच शिकवलं होतं." मग म्हणाला, "ही बंदूक घेऊन मी तुला डोंगरावर नेणार नाही."

"का? परवाना माझा आहे. बंदूक माझी आहे."

त्यावर तो जितकं बोलला तितकं मी त्याला आजवर बोलताना ऐकलेलं नाही. "चुकीच्या जागी गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही, प्रल्हाद. दरीत उतरतं, पडून राहतं. मी जन्मभर जनावरांवर उपचार केले. तुझ्यासाठीसुद्धा मी ते बघणार नाही." प्रल्हाद म्हणाला. पूर्ण. 'ल्हा'ला अडखळला, पण म्हणाला.

मग आत जाऊन ती जुन्या बंदुकीची केस घेऊन आला. "ही वापर."

आलं! मला वाटलंच होतं. फक्त रिबन नव्हती. मी म्हणालो, नाही. आमच्याकडे मुलीच्या सासरचं काही घेत नाहीत, रीत आहे. आणि दुरुस्तीला गेलेली बंदूक तर नाहीच नाही. वेस म्हणाला, "बट सर, यू डोन्ट —" लॉईडने त्याला हाताने थांबवलं. मग म्हणाला, "ओके. घेऊ नकोस मग." आणि केस माझ्या बिछान्याशी भिंतीला टेकवून ठेवली. "ती तिथे नुसती आहे, समज."

जेवताना मीच म्हणालो, सकाळी निघतो. लॉईड म्हणाला, रस्त्यावर बर्फ असेल, सावकाश जा.

आसावरीला काय सांगू? आता खरंच तिला मला समजावून सांगावं लागेल, आणि या वेळी तीसुद्धा समजावणार नाही. मला घरी जायचंय. मला फार एकटं वाटतंय.

केसला हात लावणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सामान बांधलं. केस वाटेत होती म्हणून बाजूला करायला उचलली, आणि उघडली. तपासायची सवय, दुसरं काय! रिकामी आहे ते पाहिलं आणि खांद्याला लावली.

लागली. मान ताणावी लागली नाही, डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध. जुलैत हीच बंदूक काखेत अडकत होती.

उलटी केली. दस्त्याच्या टोकाला नवं काळं रबर. त्याच्याजवळचं लाकूड घासून पुन्हा पॉलिश केलेलं, रंग अजून जुळलेला नाही. दस्ता कापलाय. ऑरव्हिल हॉगनने कोरलेल्या 'ओ. एच.' मधला ओ शाबूत आहे. एच अर्धा करवतीखाली गेलाय.

वेस सहा फूट दोन इंच. लॉईड त्याच्याहून उंच. ही बंदूक आता त्या घरात कुणाच्याच खांद्याला लागणार नाही. कापलेलं लाकूड परत वाढत नाही.

मुलीच्या सासरचं काही घेऊ नये. पण ही आता त्यांची राहिलीय कुठे?

बाहेर लॉईड कॉफी करताहेत. बॅग गाडीतून परत आत आणली.

शोभनाला कळवायचं — माप बरोबर निघालं.